आतली कडी

एक आई होती, तिला दोन मुलगे होते आणि थोरल्याची बायको होती. एवढंच घर. दिवा बारीक करा आणि जवळ सरका. ती आई माझी मैत्रीण, ही तिच्या घरातली गोष्ट आहे, तिच्याच तोंडून ऐकलेली. ती काही थापा मारणारी बाई नव्हे.

दोघे भाऊ कॉम्प्युटरवाले. गुणी, पण एक खोड जन्माची. रात्री दाराची कडी धाकट्याने लावली असेल, असं थोरल्याला वाटायचं. धाकट्याला वाटायचं, दादाने लावली. सकाळी दार नुसतंच लोटलेलं! "दोन घोडे घरात, आणि राखण मी करू?" म्हणत आईच रोज रात्री उठायची.

या दोघांनी इस्पितळातल्या यंत्रांचा ड्रायव्हर लिहिला. गाडी हाकणारा नव्हे रे, हसता काय! पलंगाजवळच्या यंत्राचे आकडे कॉम्प्युटरच्या पोटात पोचवणारा प्रोग्राम. आकडे हाताशी असावेत म्हणून त्यात फडताळासारखी जागा असते, तिला कॅश म्हणतात. प्रत्येक पेशंटला एक कप्पा. कप्पे भरायचं आणि रिकामे करायचं थोरल्याने लिहिलं, वाचायचं धाकट्याने.

मग थोरला अपघातात गेला. बायकोला तेव्हा तिसरा महिना.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी रात्री तिला अवेळी कळा सुरू झाल्या. तिघं तशीच त्याच इस्पितळात धावली. वॉर्ड भरलेला. एक पेशंट उठला की दुसरा आडवा. पोटातलं बाळ अशक्त, त्याचे ठोके सतत बघायला हवेत. यंत्राच्या पडद्यावर एकशेचाळीस... मग ऐंशी... मग सरळ रेघ.

आई किंचाळली. सिस्टरने ठोके ऐकायची नळी पोटाला लावली. "चालू आहेत हो ठोके!"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पडद्यावर टिक टिक सुरू झाली. तो पलंग नुकताच रिकामा झाला होता, त्यावर कोणी नव्हतं. चादरसुद्धा नव्हती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडद्यावर भरवसा नसेल, तर मी वाट बघू शकत नाही. पोट उघडावं लागेल. आणि हिच्या अंगात तेवढं रक्त नाही."

वहिनीने दिराचा हात धरला. "भावजी, तुम्हा दोघांचंच काम ना हे? बघा ना."

तो मशीनच्या खोलीत बसला. शोधता शोधता सापडलं. त्याचा प्रोग्राम एखादा कप्पा वाचत असतानाच दादाचा प्रोग्राम तो रिकामा करून दुसऱ्या पलंगाला देत होता. एकाच वेळी दोघांचे हात एकाच कप्प्यात. म्हणून इकडचे ठोके तिकडे. वॉर्डात गर्दी नसली की हे व्हायचं नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही. एकाचं उरकेपर्यंत दुसऱ्याने थांबावं, यासाठी लॉक लागतं. त्याने आपला भाग बघितला. लॉक नाही. दादाचा बघितला. नाही.

त्याला वाटलं होतं दादाने लावलं असेल. आणि दादाला...

दोन्हीकडे लॉक लावलं. शेवटचा वाचणारा हात निघेपर्यंत कप्पा सोडायचा नाही, असंही लिहिलं. मुद्दाम सगळे कप्पे एकदम भरून-रिकामे करून पारखलं. तोवर सिस्टर पोटावरची नळी धरून बसली होती, हलली नाही.

कोपऱ्यातला पडदा गप्प झाला. वहिनीच्या पडद्यावर एकशेचाळीस. एकशे अडतीस. एकशेचाळीस.

पहाटे मुलगी झाली. सुरी न लावता.

तिसऱ्या दिवशी घरी पोचायला रात्र झाली. दाराशी आई म्हणाली, "किल्ली काढ."

"कुलूप तू लावलंस ना?"

"मी हिला धरलं होतं! तू..."

वहिनीला हसू फुटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तीन दिवस घर उघडं!

धाकट्याने दार ढकललं.

हललं नाही.

पुन्हा ढकललं. आतून कडी.

घराला दुसरं दार नव्हतं. खिडक्यांना गज.

"कोण आहे आत?"



आईने धाकट्याचा दंड धरला. वहिनी बाळाला घेऊन पुढे झाली. दारावर तळवा टेकला. हळूच म्हणाली, "अहो... आम्ही आलोय."

...

कडी सरकली. सावकाश. निजलेलं मूल जागं होऊ नये तशी.

आत कोणी नव्हतं. एक चमचाही हलला नव्हता.

पोर आता शाळेत जाते, गुटगुटीत आहे. धाकट्याचंही लग्न झालं, घर भरलं. माझी मैत्रीण रात्री कडी लावायला उठत नाही. कोणीच उठत नाही.

सकाळी ती लावलेलीच असते.