विस्कटलेली अक्षरं

"ती स्वतःहून गेली का, एवढंच सांगा," प्यो ग्वांगमुन म्हणाले.

त्यांची बायको ओकरे मागच्या महिन्यात चुनचॉनजवळच्या जलाशयात बुडाली. तिच्या कॉम्प्युटरवर माफी मागणारी चिठ्ठी निघाली. पोलिसांनी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं.

खाजगी गुप्तहेर बोंग इनसुक यांनी तो कॉम्प्युटर उघडला. चिठ्ठीच्या फाइलचं नाव विचित्र दिसत होतं. एरवी एका चौकोनात जोडून बसणारी कोरियन अक्षरं सुटी होऊन रांगेत पसरली होती. शेजारच्या फाइलींची नावं नीट होती.

"फाइल बिघडलीय," त्यांचा सहायक यॉम म्हणाला.

"आतला मजकूर तर धड आहे. प्योसाहेब, ही तुम्हाला कधी दिसली?"

"ती घरी आली नाही त्याच संध्याकाळी. प्रेत सकाळी सापडलं."

"या फोल्डरमध्ये बाहेरून फाइल टाकता येते?"

"हो. आमच्या खानावळीच्या पाट्या तिचा भाऊ संगहन करतो, तो घरून टाकतो. मी आणि तिची भागीदार सुकजा हाच कॉम्प्युटर वापरतो. ओकरेचा फोन साधा, बटणांचा."

सुकजा खाली खानावळीत शेवयांचं पीठ मळत होती. "माझ्याकडे कुठला आलाय कॉम्प्युटर? ओकरेचा वापरायचे, तर पिठाची बोटं लावू नकोस म्हणून ओरडायची." तिने तोंड फिरवलं.

संगहनच्या टेबलावर सफरचंदाच्या चिन्हाचा लॅपटॉप होता.

"वडिलांची जमीन विकायला ताई तिच्या सहीचा शिक्का देत नव्हती. भांडलो, कबूल. पण त्या दिवशी मी तिला भेटलो नाही, फोल्डरलाही हात लावला नाही."

दुसऱ्या दिवशी इनसुकनी सगळ्यांना खानावळीत बसवलं.

"आपलं अक्षर यंत्रात दोन तऱ्हांनी साठवता येतं. अख्खं, नाहीतर तुकड्यांत. ओकरेबाईंचा कॉम्प्युटर अख्खं साठवतो. संगहन, तुमचा लॅपटॉप फाइलच्या नावाचे तुकडे साठवतो आणि दाखवताना जोडतो. तुम्हाला नाव नीट दिसलं. इथे ते विस्कटलं."

"रोज येतात हो अशा फाइली," यॉम पुटपुटला.

"म्हणूनच कोणी विचारलं नाही. चिठ्ठी तुमच्याकडून आली, संगहन. आणि ओकरेबाई बुडाल्याचं अजून कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा आली."

संगहन प्योंकडे वळला. "शिक्का ओढून घेत होतो, दाजी. तिचा पाय घसरला. मी पळालो."

प्यो त्याच्याकडे बघतच नव्हते.

"महिनाभर मी तिच्यावर रागावलोय," ते इनसुकना म्हणाले. "मला न सांगता गेली म्हणून तिच्या फोटोपुढे भातसुद्धा ठेवला नाही."

सुकजा उठली आणि भाताचा वाडगा भरायला लागली.

"राहू दे," प्यो म्हणाले. "मी वाढतो."