घरच्या कोंबडीची परीक्षा

सुज्ञ वाचकहो, ज्या काळी घरोघरी ‘जंतुसाक्षी’ पट्टी आली, त्या काळी माणदेशातील कोंबडीपालक भास्कर झुरंगे यांच्यावर कोणता प्रसंग ओढवला, ते मी यथामती निवेदन करीत आहे.

ही कागदी पट्टी कच्च्या मांसास लावली असता, औषधांना न जुमानणारे जंतू त्यात असल्यास ती जांभळी होई. भास्कररावांच्या पत्नी शालनबाई बाजारचे मांस पट्टीवाचून घरात घेत नसत. परंतु त्या रविवारची कोंबडी स्वतःच्या शेडमधली होती. घरच्या कोंबडीला कसली परीक्षा? त्यांनी ती विळीवर कापली, विळीवर तांब्याभर पाणी ओतले आणि तिच्यावरच कोशिंबिरीची काकडी चोचवली. बुधवारी त्या तापाने फणफणून रुग्णालयात होत्या.

तिसरे औषधही निष्फळ ठरल्यावर डॉक्टर तांबोळीबाईंनी विचारले, “कोंबडी कुठली होती?”

“बाजारातली,” भास्करराव म्हणाले. उद्या तीन हजार पक्षी न्यायला गाडी येणार होती. खरे बोलताच शेडला टाळे लागले असते.

“मग अवघड आहे. या जंतूंना खाणारे विषाणू असतात. आमच्या साठ्यातला एकही लागू पडला नाही. जिथं जंतू, तिथंच ते सापडतात. मूळ जागा कळली असती तर…”

खाटेवरून क्षीण आवाज आला, “अहो, मरताना तरी खरं ऐकू द्या की! घरचीच हुती. आन् पाखरं शिंकायच्या आधीच पाण्यात औषध कोण कालवत हुतं, मी?”

भास्कररावांची मान खाली गेली. “मॅडम, काय आणू?”

“शेडमधला भुसा. विष्ठेसकट, पिशवीभर.”

त्याच भुशात विषाणू मिळाला. प्रयोगशाळेने तो वाढवून शुद्ध केला, आणि तो टोचल्यावर शालनबाईंचा ताप उतरला. शेडमधले सर्व पक्षी मात्र मारून पुरावे लागले.

भास्कररावांनी शेजारचे शेडवाले निवृत्ती गुरव यांना पाण्यातल्या औषधाला सरावलेल्या जंतूंची सारी हकिकत सांगितली.

“तात्या, औषध बंद केलं तर माझी पाखरं जगतील?” निवृत्तींनी भास्कररावांना विचारले.

“समदी न्हाई जगायची.”

“मग मरतील ती कुणी सोसायची? मी एकट्यानंच? खाणारे काय हात धुऊन मोकळे?”

याचे उत्तर मला सापडलेले नाही. वाचकहो, आपणास सापडेल काय?

आपण अमूल्य वेळ देऊन वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

— दगडू संभाजी वाघमोडे