झिपऱ्या मागून चालत होता

तेव्हा मी सोनाळ्याला नर्स होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली असतील. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला मी पायी जायची, आणि बरोबर झिपऱ्या असायचा. एका पावसाळ्यात खरजेनं पोखरलेलं ते कुत्रं दारात आलं आणि राहिलं. मी विधवा, एकटी. त्यालाही कुणी नव्हतं. वाटेत तो कधी पुढे गेला नाही. कायम मागे, डाव्या हाताला. दगडावर वाजणारी त्याची नखं ऐकत मी कितीदा तरी नाले ओलांडले.

दिवाळीनंतर त्याला साप चावला. मांडीवर डोकं घेऊन बसले होते मी. शेवटपर्यंत तो दाराकडेच बघत होता. परसातल्या शेवग्याखाली त्याला पुरलं. पुढे भाकरी थापायला बसले, की त्याच्या वाटणीचं पीठही हात आपोआप मळायचे.

थंडीतल्या एका दिवशी, ऊन कलताना, टेकडीखालच्या वस्तीवरचा पंजाबराव सायकल दामटत आला. त्याच्या बायकोला, चांगुणाला, कळा सुरू झाल्या होत्या.

"पयलं लेकरू पोटातच गेलं बाई तिचं. तुम्ही व्हा पुढं, मी सासूले घेऊन येतो."

मी पिशवी भरली. शेजारची अंबूबाई दारात आडवी उभी राहिली.

"एकट्या काऊन जाता? आता झिपऱ्या बी नाही."

"चांगुणा वाट पाहून राह्यली असंल," मी म्हटलं आणि निघाले.

नाल्यापर्यंत उजेड होता. पलीकडे चढले आणि दिवस एकदम मावळला. तुरीच्या शेतांतून गार, कडवट वास येत होता. कंदिलाच्या उजेडात पायांपुरतीच वाट दिसत होती. आणि मागे, डाव्या हाताला, नखं वाजू लागली.

मी थांबले. तीही थांबली.

भीती वाटली नाही. "चल रे," मी हळूच म्हटलं, आणि पुढे चालू लागले.

थोड्या वेळानं दूर मागून हाक आली. पुरुषाचा आवाज, ओळखीचा वाटावा असा मवाळ.

"बाई... थांबा जरा..."

मी वळणार, तोच माझ्या पायाशी गुरगुर सुरू झाली. पोटातून येणारी, दबलेली. एवढ्या वर्षांत झिपऱ्याला असं गुरगुरताना मी ऐकलं नव्हतं. मी मान वळवली नाही. चांगुणाचं नाव मनात घोळवत राहिले आणि पाय उचलत राहिले. हाक पुन्हा आली... या वेळी जवळून. मग आली नाही.

मी पोचले तेव्हा चांगुणा थकून गेली होती. मूल पायाळू होतं. मी हात धुतले आणि तिला सांगितलं, "आज तू सोडायचं नाही आणि मी पण सोडायचं नाही." तिनं दात आवळून मान हलवली. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मुलगी झाली. काळीनिळी, गप्प. मी तिच्या पाठीवर चोळत राहिले, तोंडानं फुंकर घालत राहिले. तोवर येऊन पोचलेल्या पंजाबरावाच्या सासूनं डोळ्यांना पदर लावला तरी मी थांबले नाही. मग ती रडली.

उजाडल्यावर मी बाहेर आले. चांगुणाचे सासरे, पुंजाजी, रात्रभर ओट्यावर शेकोटीपाशी बसून होते. त्यांनी चहाची कपबशी माझ्या हातात दिली.

"कुत्रं मोठं इमानी हाय तुमचं. पोरगी रडेपर्यंत उंबऱ्यावर आडवं पडून व्हतं. तुमच्यासंगच्या माणसाले बी आत येऊ देल्लं नाही."

"कोणता माणूस?"

"तुमच्या मागूनच आला ना. घोंगडी पांघरेल. म्या म्हटलं, आंग शेका. तर शेकोटीजवळ येईचना. त्या कुत्र्याकडेच पाहत उभा राह्यला."

"मग...?"

"लेकरू रडलं तसा निंघाला. जाता जाता इचारलं त्यानं, बाईच्या घराचं दार कोन्या तोंडाचं हाय म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"खरं तेच," पुंजाजी म्हणाले. "उगवतीले."

मी चहा संपवला, चांगुणाची नाडी पुन्हा एकदा पाहिली, पिशवी उचलली आणि घराकडे निघाले. वाट कोरडी होती, ऊन स्वच्छ होतं. नाला ओलांडेपर्यंत मी कान देऊन चालत होते. मागे काहीच वाजत नव्हतं.