घोडेपागेचा प्रतिहंगाम

घोडेपागा तालीम त्या रविवारी दोन-शून्य अशी हरली आणि तासाभरात पेठेत फटाके वाजू लागले. फटाके वाजवणारे विरोधी पेठेचे नव्हते, घोडेपागेचेच होते. डॉ. अरुंधती सरनोबत यांच्या प्रयोगशाळेतल्या त्रिमित पडद्यावर त्यांची तालीम नुकतीच तीन-शून्यने जिंकली होती.

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात फुटबॉल तालमीचा असतो, तालीम पेठेची असते, आणि पेठेतला माणूस एक वेळ ठरलेली सोयरीक मोडेल पण तालीम बदलणार नाही. फुटबॉलच्या प्रशिक्षकालाही तिथे वस्तादच म्हणतात, मग त्याने जन्मात लंगोट लावलेला नसला तरी. तर अशा या घोडेपागेने हंगामाच्या तोंडावर अण्णा शिंत्रे या आपल्या जुन्या वस्तादाला नारळ दिला आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या विश्वास इंगवलेला गादीवर बसवलं. अण्णांचा खेळ म्हातारा झाला, यावर पेठेचं एकमत होतं. पेठेची एकमतं फार दिवस टिकत नाहीत.

त्याच सुमारास डॉ. सरनोबत यांचं प्रतिमानयंत्र तयार झालं. बाई घोडेपागेच्याच लेक, त्यामुळे पहिला प्रयोग कुणावर करायचा हा प्रश्नच नव्हता. माणसांनी जो निर्णय घेतला नाही तो घेतला असता तर काय झालं असतं, हे ते यंत्र गणिताने दाखवी. खेळाडूंच्या जर्सीतल्या नाडीपट्ट्यांनी त्याला त्यांचा दम, वेग आणि चुका पुरवल्या. पेठेने आपापल्या स्वभावाची माहिती हौसेने दिली, कारण गर्दी कशी ओरडते त्यावर पोरं कशी खेळतात हे ठरतं. मग दर रविवारी खरा सामना संपला की पडद्यावर दुसरा सुरू होई. त्यात अण्णा अजून वस्ताद होते. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, प्रतिहंगाम.

खऱ्या हंगामात विश्वास हरत होता. प्रतिहंगामात अण्णा जिंकत होते. पेठेच्या पोटात आग पडायला आणखी काय हवं?

"काढा म्हणतो मी ह्येला," तालमीच्या कट्ट्यावर तात्या मगदूम गरजले. तात्या तालमीचे सेक्रेटरी आणि आवाजाने अध्यक्ष. "पोरं तीच, जर्सी तीच. तिकडं गोल हुत्यात आन् हितं बॉल गटारीत. मग दोष कुणाचा?"

"तात्या, मागच्या रविवारी अभ्याच्या पायात बॉल आला तवा तुम्ही काय वरडलासा?" हसीनाभाभी मुल्लाणींनी विचारलं. तालमीच्या जर्सी त्याच शिवायच्या आणि एकही सामना चुकवायच्या नाहीत. "'तिकडं ह्यानं मारलाय, हितं बघा नुसता पळतोय!' असं ऐकून त्यो गोल मारंल व्हय?"

"माराया पायजे! तिकडं मारतोय न्हवं?"

"तिकडं तुम्ही गप बसत असशीला."

कट्टा हसला, पण हसून झाल्यावर पुन्हा तात्यांच्याच बाजूला गेला. वस्ताद बदलायचा की नाही हे ठरवायला पुढच्या रविवारी सभा लागली.

विश्वासला सभेची भीती होतीच, पण त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. तो जळत होता. आणि जळत होता कुणावर, तर ज्या माणसाने त्याला बुटाची नाडी बांधण्यापासून सगळं शिकवलं त्याच्यावर. अण्णा सकाळी गुडघ्यांना तेल लावत, दुपारी झोपत आणि रविवारी जिंकत. सामन्याला मात्र येत. विश्वासची तालीम मैदानात मार खाई आणि वर गॅलरीत लोक अण्णांच्या पाया पडत. एकदा तर प्रतिहंगामातल्या विजयाबद्दल पेठेने अण्णांना खांद्यावर घेतलं. म्हातारा लाजून "अरं, मी काय केलंय? सोडा रं," म्हणत राहिला. विश्वासला ते लाजणंही सहन झालं नाही. तो त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेला.

"अण्णा, हितनं म्होरं मैदानात येऊ नका."

"का रं, काय झालं?"

"तुम्ही घरात बसून जिंकताय, मी उन्हात मरून हरतोय. तुमचं तोंड दिसलं की माझ्या अंगाची लाही हुतीय."

अण्णांनी मान डोलावली. "बरं," ते म्हणाले. "न्हाई येत."

आणि ते खरंच आले नाहीत. माणूस शब्दाचा पक्का होता.

सभेच्या दोन दिवस आधी विश्वास प्रयोगशाळेत गेला. त्याला अण्णांच्या विजयात खोट काढायची होती, आणि हे त्याने लपवलं नाही.

"ताई, गोल नगंत. मला तिकडची माणसं दाखवा."

डॉक्टरांनी दृश्य फिरवलं. आजवर सगळ्यांनी फक्त मैदान बघितलं होतं. आता गॅलरी समोर आली. प्रतिहंगामातल्या अभ्याने मोकळा गोल चुकवला. विश्वासने सवयीने मान खाली घातली. शिव्या आल्याच नाहीत. "असू दे भावा! म्होरचा तुझाच!" असं ओरडत एक माणूस टाळ्या वाजवत होता. ते तात्या मगदूम होते.

"ह्यो कुठला तात्या?"

"आपलाच. स्वभावाची माहिती त्यांनीच दिलेली आहे."

"मग आपला असा का न्हाई?"

डॉक्टरांनी दृश्य थांबवून तात्यांचा चेहरा मोठा केला. तज्ज्ञ माणसाला आपली चूक दिसते तेव्हा तो आधी ती नीट तपासून बघतो.

"कारण तिथल्या तात्यांकडे प्रतिहंगाम नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "प्रतिहंगामातली माणसं आपला प्रतिहंगाम बघायला लागली, की त्यातल्यांनाही आणखी एक दाखवावा लागेल, आणि त्यातल्यांना आणखी एक. ते गणित कधी संपलंच नसतं. म्हणून मी यंत्रच गणितातून वगळलं. यंत्र वगळलं म्हणजे त्याच्यामुळे झालेलंही सगळं वगळलं. तुलना, जळफळाट, भांडणं, सगळं. तिथल्या कुणालाच आठवत नाही की असं काही यंत्र होतं."

"म्हंजे अण्णा चांगले वस्ताद म्हणून जिंकत न्हाईत?"

"अण्णा असोत नाहीतर तू, तिथे कुणीही जिंकला असता. मी दोन वस्तादांची तुलना करायला निघाले होते. झाली ती जळणाऱ्या पेठेची आणि न जळणाऱ्या पेठेची. जळणारी पेठ आपल्याच पोरांचे पाय ओढते."

विश्वासला हसावं की रडावं ते कळेना. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा धोंडा हलला होता. मग त्याला एक प्रश्न सुचला, आणि तो सुचला नसता तर बरं झालं असतं.

"मला काढलं तर यंत्र काय दाखवंल?"

"न घेतलेला निर्णय. म्हणजे तुला ठेवलं असतं तर काय झालं असतं ते."

"आन् त्यात मी जिंकंन?"

"बहुधा. जो इथे नसेल तो जिंकेल. पण ती वेळ येणार नाही, विश्वास. सभेत मी हे सांगते, यंत्र बंद करू आणि तुझी वस्तादकी वाचेल."

"मी सांगतो, ताई. माझ्या तोंडनं ऐकू दे त्यास्नी."

सभेत तो उभा राहिला तेव्हा खरं जिभेवर होतं. सांगितलं तर यंत्र बंद होणार होतं. पण बंद यंत्रातले अण्णा कायमचे न हरलेले राहणार होते, आणि विश्वास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरलेला. डॉक्टरांचं गणित पेठेतल्या किती जणांना पटलं असतं? अण्णांचे गोल मात्र पेठेला तोंडपाठ होते. चांगला वस्ताद होऊन अण्णांना गाठायला पुरं आयुष्य लागलं असतं. काढलेला वस्ताद होऊन पुढच्याच रविवारी गाठता येत होतं.

"तात्या बोलत्यात ते खरं हाय," विश्वास म्हणाला. "मीच सोडतो."

हसीनाभाभी "आरं, येडा हैस काय!" म्हणून ओरडल्या. तात्यांनी लगबगीने नारळ पुढे केला.

डॉक्टर चिडल्या, आता मीच सांगते म्हणाल्या. "एवढा हंगाम जाऊ दे," विश्वासने हात जोडले. आपल्याच यंत्राची बदनामी करायला कुणाला घाई नसते. त्यांनी हंगाम जाऊ दिला.

पुढे सगळं गणिताप्रमाणे झालं. बाहेरून आणलेला नवा वस्ताद हरू लागला. पडद्यावर विश्वास जिंकू लागला. तात्या पेढे घेऊन त्याच्या घरी आले, "वळखलं न्हाई रं तुला," म्हणत डोळे पुसून गेले. रस्त्याने लोक वाकून नमस्कार करू लागले. अण्णांचं नाव कट्ट्यावरून हळूहळू पुसलं गेलं. विश्वासला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

प्रतिहंगामाच्या अंतिम सामन्याला तो प्रयोगशाळेत गेला. पेठ बाहेरच्या मोठ्या पडद्यासमोर होती. आपलं नाव गॅलरीतून कसं घुमतं ते त्याला ऐकायचं होतं, म्हणून त्याने डॉक्टरांना दृश्य गर्दीकडे फिरवायला लावलं.

घोडेपागा जिंकली. तिकडच्या विश्वासला पोरांनी उचललं. त्याने धडपडून स्वतःला सोडवलं, करंडक काखेत मारला आणि माणसं सारत गॅलरीच्या पायऱ्या चढला. वर अण्णा बसले होते. त्याने करंडक त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी त्याचा कान धरला.

"दुसरा गोल इतका उशिरा? पोरास्नी निजवून ठेवलंतास काय?"

आणि दोघंही पोट धरून हसले.

"अण्णा तिथं कसं?" विश्वास पडद्याजवळ सरकला. "मी त्यास्नी येऊ नका म्हटलंतं."

"तिथे कशाला म्हणशील?" डॉक्टर म्हणाल्या. "ते भांडण यंत्रामुळेच झालं होतं ना."

पडद्यातला तो माणूस गुरूच्या पायाशी, खालच्या पायरीवर घाम पुशीत बसला होता. विश्वासला त्याचा असा हेवा वाटला, की तसा अण्णांचाही कधी वाटला नव्हता. त्या माणसाला मात्र कुणाचाच हेवा वाटत नव्हता.

बाहेर गुलाल उधळत पेठ वाट बघत होती. तो दारात आल्याबरोबर त्याला खांद्यावर घेतलं. "सोडा रं," तो म्हणाला, पण कुणी सोडलं नाही. मिरवणूक अण्णांच्या घरावरून निघाली. ताशाचा आवाज ऐकून अण्णा कठड्याला धरून दारात आले. विश्वासने त्यांना हाक मारली, ती गोंगाटात कुणालाच ऐकू गेली नाही.

अण्णांनी वर बघितलं आणि रस्त्यातल्या सगळ्या लोकांसारखेच, विजयी वस्तादाला हात जोडले.