पिवळा ट्रे

वेळणे गावात दशावताराचा खेळ असला, की पहिल्या ओळीतली मधली जागा डॉक्टर भालचंद्र तेंडोलकरांची. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तिथं दुसरं कुणी बसत नसे. काळा संकासूर राक्षस लाल जीभ काढून प्रेक्षकांवर धावायचा तो आधी त्यांच्याच अंगावर; आणि खेळ संपेपर्यंत हे गृहस्थ मांडी मोडायचे नाहीत. त्या वर्षीच्या जत्रेत मात्र ते शेवटच्या ओळीत, अगदी कोपऱ्यात, देवळाच्या बाजूच्या फाटकाशी जाऊन बसले.

गावात चर्चेला ऊत आला. पेटीवाल्या बुवांशी बिनसलं म्हणावं, तर दुसऱ्याच दिवशी दोघं एका बशीतली भजी खात होते. ऐकू कमी येतं म्हणावं, तर माणूस पुढे सरकेल, मागे कशाला जाईल? त्यांची नात शाल्मली सहावीत होती आणि कोडं सुटलं नाही की तिला जेवण गोड लागत नसे. तिनं हे कोडं मनातल्या खुंटीला टांगून ठेवलं.

आता हे डॉक्टर कसले ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हीही गावात नव्यानं आलेल्या लोकांसारखे त्यांच्याकडे तापाची गोळी मागायला जाल. ते होते आंब्याचे डॉक्टर. हापूस आंब्याला एक खोड असते. वरून रंग सुरेख, वास घमघमीत, आणि कापावा तर आत पांढुरका, स्पंजासारखा आंबट गर. याला म्हणतात साका (फळाच्या आतच होणारा बिघाड, सालीवर त्याची खूण दिसत नाही). आंबा न कापता साका ओळखायचा कसा, यात आजोबांचं अर्धं आयुष्य गेलं आणि त्यातून तयार झाली टिचकी.

टिचकी म्हणजे चार हातांचा यंत्रमानव, पण नावामुळे सगळे तिला 'ती'च म्हणत. ती आंबा उचलायची, बोटानं टिचकी मारून आतला आवाज ऐकायची, मग त्यातून अदृश्य किरण (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) सोडून बघायची, आणि तीनपैकी एका ट्रेमध्ये ठेवायची. हिरवा ट्रे म्हणजे चांगला. लाल म्हणजे खराब. आणि पिवळा म्हणजे शंका आहे, पुन्हा तपासा.

या पिवळ्या ट्रेचा आजोबांना भारी अभिमान. सुरुवातीला आंबे निवडायच्या शेडमधल्या बायका पिवळ्यातला आंबा सरळ लालमध्ये टाकायच्या आणि व्यापारी तोच गुपचूप हिरव्यात सरकवायचा. तेव्हा आजोबा कडाडायचे, "अहो, शंका म्हणजे निकाल नव्हे! शंका आली की घाबरायचं नाही आणि लपवायचंही नाही. तपासायचं!" शेवटी त्यांनी हे वाक्य शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवूनच घेतलं.

वैशाखात आंबा जोरात उतरू लागला. पेट्या उचलून बंदराकडे नेणारी ड्रोन दिवसभर शेडवर घोंघावू लागली. सुट्टी लागताच शाल्मली तिथंच ठाण मांडून बसली आणि खुंटीवरचं कोडं तिनं खाली काढलं.

आजोबा सारखे उठून मागच्या बाजूला जात होते. परत येऊन बूड टेकतात न टेकतात तोच पुन्हा निघत. पूर्वी कोकम सरबताचा तांब्या तोंडाला लावणारे हेच आजोबा, पण आता चार वाजल्यानंतर पाण्यालासुद्धा हात लावेनात. रत्नागिरीला व्याख्यानाचं बोलावणं होतं, तर बिनचालकाची बस मध्ये कुठं थांबत नाही म्हणून त्यांनी जाणंच रद्द केलं. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "रात्रभर येरझारा चालतात गो त्यांच्या. माझ्या झोपेचं खोबरं झालंय. विचारलं की म्हणतात, वय झालं, चालायचंच."

शाल्मली टिचकीकडे गेली. "टिचकी, आजोबांना काय झालंय?"

"मला आंबे कळतात, माणसं नाहीत," टिचकी एक आंबा फिरवत म्हणाली. "पण खुणा सांग."

शाल्मलीनं एकेक खूण सांगितली. टिचकीचे चारही हात थांबले. एरवी ते वीज गेली तरच थांबत.

"हिरवा म्हणता येणार नाही. लाल म्हणण्याइतकी माहिती नाही."

"म्हणजे?"

"शेडमध्ये तीन ट्रे आहेत, शाल्मली," एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

आजोबा आंबे धुवायच्या नळीशी उभे होते. शाल्मलीनं आडपडदा न ठेवता विचारलं, "आजोबा, तुम्हाला सारखी लघवीला लागते ना? म्हणून तुम्ही फाटकाशी बसलात?"

आजोबांचा चेहरा पडला. पहिल्यांदा त्यांनी "जा, आजीला मदत कर," असं म्हणून पाहिलं. पण नात हलेना. शास्त्रज्ञाची गंमत अशी, की त्याला रागावता येतं, पण बरोबर उत्तराला चूक म्हणता येत नाही.

"ही नळी मुठीत धर," ते शेवटी म्हणाले. "आता मूठ आवळ."

शाल्मलीनं मूठ आवळली. नळीच्या तोंडाचं पाणी बारीक झालं, मग थांबत थांबत पडू लागलं.

"पुरुषांच्या पोटात खाली, मूत्राशयाच्या (लघवी साठवणाऱ्या पिशवीच्या) तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला म्हणतात प्रोस्टेट (शरीराला लागणारा एक रस बनवणारा छोटा अवयव). लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वय वाढलं की ही ग्रंथी बहुतेकांची फुगते. मग तुझ्या मुठीसारखी ती नळी दाबते. धार बारीक होते, अडखळते. पिशवी पुरती रिकामी होत नाही, म्हणून सारखं जावंसं वाटतं. रात्री जास्तच."

"मग ते नुसतं फुगणंच असतं?"

आजोबांनी नळ बंद केला. "बहुतेक वेळा नुसतं फुगणंच. पण कधी कधी त्या ग्रंथीत कर्करोग (शरीरातल्या पेशी ताळतंत्र सोडून वाढत राहण्याचा आजार) असतो. खुणा त्याच दिसू शकतात. लघवीत रक्त दिसलं, तर मग वाटच बघायची नाही. आणि खरी मेख ऐक. हा रोग पुष्कळदा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो, नळीपासून लांब. तिथं तो नळी दाबत नाही. म्हणून सुरुवातीला काहीच खूण नसते."

"साक्यासारखं," शाल्मली म्हणाली.

"साक्यासारखं."

"तुम्हाला एवढं सगळं माहीत आहे आणि तुम्ही डॉक्टरांकडे गेला नाहीत?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ती म्हणाली नाही. पण तिच्या डोळ्यांत ते आजोबांना स्वच्छ वाचता आलं. ते उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसले.

"माझा थोरला भाऊ, आमचे आप्पा. त्यांची कंबर दुखायची. पेटी उचलताना उसण भरली म्हणून तेल चोळत राहिले. दुखणं अंगावर काढलं, वर्षभर. मग मीच त्यांना तपासायला नेलं आणि डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कर्करोग सांगितला. दोन महिन्यांत आप्पा गेले. त्या तपासणीच्या खोलीचं दार मला अजून दिसतं, शाल्मली. मला भीती वाटते."

आजोबांना भीती वाटू शकते हे शाल्मलीला माहीतच नव्हतं. तिला रडू आलं. ते तिनं आवरलं नाही, पण प्रश्नही सोडला नाही.

"आप्पाआजोबा तपासल्यामुळे गेले, की उशिरा तपासल्यामुळे?"

उभ्या आयुष्यात आजोबांनी हजार वेळा विद्यार्थ्यांना बजावलं होतं, की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

"उशिरा," ते पुटपुटले. "रोग हाडांपर्यंत पोचला होता."

शाल्मली उठली. टिचकीसमोरचा पिवळा ट्रे तिनं रिकामा केला आणि आणून आजोबांच्या पायाशी ठेवला. "आंब्यांना तीन ट्रे, आणि तुम्हाला दोनच?"

आजोबांनी ट्रेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या स्वतःच्याच वाक्याकडे पाहिलं. "कार्टे," ते म्हणाले, "तुझ्या बापाला सांग गाडी काढायला."

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर नफीसा मुकादम होत्या. बाईमाणूस समोर बघून आजोबांची बोलती बंद झाली. त्या म्हणाल्या, "तेंडोलकर सर, तुम्ही आंब्याला लाजता का? मग मीही लाजत नाही. बोला."

त्यांनी आधी शौचाच्या वाटेनं बोटानं ग्रंथी चाचपली. मग रक्त घेऊन पीएसए (या ग्रंथीतच तयार होणारं एक प्रथिन) मोजलं. ते वाढलेलं निघालं.

"हा पिवळा ट्रे," डॉक्टर मुकादम म्हणाल्या. तोवर त्यांना सगळी कथा कळली होती. "पीएसए नुसत्या फुगण्यानंही वाढतं, जंतूंमुळेही वाढतं. म्हणून पुढची तपासणी."

मग मोठ्या चुंबकाच्या यंत्रानं पोटाच्या आतलं चित्र काढलं. त्यात शंकेची जागा दिसली. तिथून बारीक सुईनं कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निकाल यायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही.

निकाल सांगताना डॉक्टर सरळ बोलल्या. "तुम्हाला त्रास होतोय तो साध्या फुगण्यामुळे. त्याला गोळ्या आहेत, फरक पडेल. पण कडेला एक छोटीशी गाठ आहे आणि ती कर्करोगाची आहे. तिनं तुम्हाला काहीच खूण दिलेली नव्हती."

आजीनं पदर तोंडाला लावला.

"ऐका. गाठ लहान आहे, हळू वाढणाऱ्या जातीची आहे, ग्रंथीच्या बाहेर गेलेली नाही. आज काही कापायची गरज नाही. ठरावीक काळानं तपासत राहू. ती वाढू लागली तर उपचार करू. आपण वेळेत आलो आहोत."

शाल्मलीनं गाडीत बसल्यावर सगळं जुळवून पाहिलं. बोंब मारत होता तो निरुपद्रवी, आणि गप्प बसला होता तो खरा चोर. पण त्या बोंबेमुळे आजोबा इथवर आले म्हणून चोर सापडला. खुणेचं काम एवढंच, की माणसाला तपासणीच्या दारापर्यंत आणायचं. निकाल सांगणं हे तिचं काम नव्हे. आणि खूण नाही म्हणजे काही नाही, असंही नव्हे. म्हणून पन्नाशी आली की डॉक्टरांशी बोलायचंच, आणि घरात कुणाला हा आजार झाला असेल तर त्याच्याही आधी. हे वाक्य तिनं गाडी चालवणाऱ्या बाबांना दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा ते "हो गं बाई, हो," म्हणाले, आणि तिनं तारीख ठरवून घेतली.

"मी मोठी झाले ना, की माणसांसाठी टिचकी करणार," ती म्हणाली. "सुई नको, काही नको. नुसता एक थेंब दिला की झालं."

"कर," आजोबा म्हणाले. "पण तीन ट्रेंची कर. दोनवाली करू नकोस."

पुन्हा जत्रा आली. गोळ्यांनी येरझारा पुष्कळ थांबल्या होत्या, गाठ होती तेवढीच होती. संध्याकाळी देवळासमोर सतरंज्या पडताच आजोबा येऊन पहिल्या ओळीत मधोमध बसले. हातात कोकम सरबताचा तांब्या. बुवांनी पेटीवर सूर धरून त्यांना मान दिला. शाल्मली शेजारी बसली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं.

आजोबांनी सवयीनं मागे वळून गर्दीवर नजर फिरवली आणि त्यांची नजर एका जागी थांबली. होडीवाला महादेव दरवर्षी त्यांच्या डाव्या हाताला बसायचा. आज तो शेवटच्या ओळीत होता. अगदी कोपऱ्यात, फाटकाशी.

आजोबांनी तांब्या खाली ठेवला. परत मिळालेली ती जागा सोडून ते उठले, सतरंज्या ओलांडत मागे गेले आणि महादेवाला खेटून बसले.

"काय रे म्हादू," त्यांनी हळूच विचारलं, "सांजचा पाणी पितस मा?"