चौथी खेप

"भेटायची वेळ चारनंतर आहे," वान-छिंग म्हणाली.

रुग्णालयाच्या तळघरातल्या बोळात तो भिंतीला टेकून फरशीवरच बसला होता आणि चहात उकडलेलं अंडं सोलत होता. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला... कुणा पेशंटचा नातेवाईक असणार.

"मी भेटायला नाही आलो. तुमचा डेटाबेस उभा करायला आलोय."

"अस्सं. मग तो अजून आडवाच आहे."

"तीनदा पडला," तो म्हणाला. हसण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं.

शुक्रवारी डिस्क बिघडून पेशंटच्या सगळ्या नोंदी गेल्या, तेव्हापासून औषध विभागात वान-छिंग आठवून आठवून, फोन करकरून डोस कागदावर उतरवत होती. आज रविवार. उद्या डायलिसिसचे साठ पेशंट येणार होते. बाहेर किलुंग शहराचा तो न संपणारा पाऊस चालूच होता. पाय बोलायला लागले होते, म्हणून तीही शेजारी टेकली. त्याचं नाव ज्येन चुंग-येन, तैपेईच्या कंपनीचा माणूस.

"का पडतो?"

"बॅकअप अवाढव्य आहे. तो उतरवण्याआधी सर्व्हर डिस्कवर जागा साफ करत बसतो आणि तेवढा वेळ अक्षरही बोलत नाही. आमचा प्रोग्राम दोन तास वाट बघतो. उत्तर नाही म्हणजे मेला, असं समजून संबंध तोडतो. तोडला की झालेलं काम पाण्यात."

"म्हणजे तो मेलेला नसतोच?"

"कामात असतो."

"मग जास्त थांबा की, ज्येन साहेब."

"वरचे म्हणतात, मर्यादा काढली तर खरंच लटकलेला कसा ओळखणार?"

वान-छिंगने खिशातला डोसांचा कागद काढला. मग म्हणाली, "आमच्या श्यू आजी आहेत, नव्वदीच्या. रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे. गेल्या आठवड्यात डोस बदलला, पण त्यांना आठवत नाही. डॉक्टर विमानात आहेत. मी कागदावर पाच मिलिग्रॅम लिहिलंय... अंदाजाने."

त्याने अर्धं अंडं तिच्या हातात ठेवलं आणि तो उठून सर्व्हरच्या खोलीत गेला; तीही मागोमाग गेली.

या खेपेला त्याने वेळेची मर्यादाच काढून टाकली. काम तैपेईहून नेटवर्कवरून न चालवता सर्व्हरवरच लावून दिलं, म्हणजे मधली जोडणी तुटली तरी ते चालूच राहणार.

"आणि लटकला तर?"

"डिस्कवर किती लिहून झालं, तो आकडा दर दहा मिनिटांनी बघायचा. वाढतोय तोवर जिवंत."

"आकडे मी लिहिते. तुमचं अक्षर बघितलंय मी, या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावलीत ना, त्यात. आमचे डॉक्टर बरे."

तेव्हा मात्र तो हसला.

सकाळी दहा वाजता दोन तास उलटले. सर्व्हरचं उत्तर आलं नव्हतं, फक्त तिच्या कागदावरचा आकडा वाढत होता. त्याच्या वरिष्ठांचा फोन आला. चुंग-येन म्हणाला, "चालू आहे... हो, पडला तर मी जबाबदार." फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला. तिने सोयादुधाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

दुपारी त्याची मान कलली ती तिच्या खांद्यावर. आकडा बघायला वाकायचं तर तो जागा होणार. मग तिने पडदाच हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

चार वाजून दहा मिनिटांनी काम पुरं झालं. तिने आधी श्यू आजींचं पान उघडलं. अडीच मिलिग्रॅम.

"मी दुप्पट दिलं असतं..." ती पुटपुटली आणि तिथेच खुर्चीत बसून रडली, आवाज न करता. तो शेजारी उभा राहिला. रुमाल नव्हता, म्हणून शर्टाची बाही पुढे केली.

"ही दोन दिवसांची आहे," तो म्हणाला.

"कळतंय वासावरून," ती म्हणाली, पण डोळे तिनं त्याच बाहीला पुसले.

संध्याकाळी दोघं एका छत्रीत बस-थांब्यावर उभी होती. तैपेईची बस आली. थांबली. गेली.

"तुमची बस होती ती," वान-छिंग म्हणाली.

"दिसली. थकल्यावर माणूस भलतंच बोलून जातो, म्हणून गप्प आहे मी."

"बोला. मीही थकलेय... नीट नकार द्यायला जमणार नाही."

"मला तुला परत भेटायचंय," तो म्हणाला. "काही बंद पडलेलं नसताना."

तो 'तू' म्हणाला, हे तिच्या लक्षात आलं. त्याच्या मात्र नाही.

"बुधवारी सुट्टी असते मला," ती म्हणाली. "ये. पण झोप काढून ये."