ताडपत्रीपर्यंतचं मैदान

"ओ, बाजूले व्हा!"

मी धावता धावता ओरडले, तरी व्हायचं ते झालंच. मैदानाच्या मधोमध टेप धरून उभा असलेला एक उंच तरुण आणि मी... दोघंही धुळीत! खांबापाशी बसलेल्या माझ्या संघातल्या मुली क्षणभर गप्प झाल्या आणि मग ज्या खिदळायला लागल्या, त्या थांबेचनात.

"लागलं काय तुम्हाले?" त्यानं विचारलं. स्वतःचा कोपर सोलून निघाला होता, ते राहिलं बाजूला.

"मले काय होते? खो-खो सुरू असताना मधात काहून उभे राहता?"

"मैदान मोजून राह्यलो, मॅडम. राळेगावच्या पंचायत समितीतून आलो. मी कपिल, अभियंता. तुमच्या गावाले क्रीडांगण द्यायचं चाललं आहे."

"मग नीट मोजा. मी निशिगंधा, शाळेत खेळ शिकवते. अन् ह्या माह्या पोरी, मागच्या साली जिल्ह्यात पहिल्या आल्या."

हे सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली. तो हसला. त्याच्या केसांत सोयाबीनचा भुसा अडकला होता. सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. चांगला दिसत होता तो भुसा!

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास रिकामी जागा दिसली की सोयाबीन वाळत घालतात. रस्ता असो, समाजमंदिराचं आवार असो, नाहीतर मैदान. त्यातली सगळ्यात मोठी ताडपत्री माझ्या बाबांची. नागोराव म्हणजे गावातलं वजनदार नाव, त्यामुळे मैदानाच्या त्या अर्ध्या भागाला लोक सरळ 'नागोरावचं खळं' म्हणायचे. तेवढे दिवस आम्ही उरलेल्या अर्ध्यात, दाटीवाटीनं खेळायचो.

त्यानंतर कपिल दोनदा आला. एकदा म्हणे माती बघायला, एकदा उतार बघायला. उतार! आमचं मैदान परातीसारखं सपाट आहे.

"सापडला काय उतार, साहेब?" मी मुद्दाम विचारलं.

"सापडला ना... मीच घसरून राह्यलो."

मी शिटी तोंडात धरली, पण वाजवायला श्वास कुठे होता? मुली एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. त्या दिवशी कोणी कोणाला खो दिला, मला काहीच आठवत नाही.

आणि मग ग्रामपंचायतीत नकाशा लागला. मी पाहिला आणि पायाखालची जमीन सरकली. व्हॉलीबॉल होता, व्यायामाची साधनं होती, पण खो-खो नव्हता. मैदान अर्ध्यातच संपलं होतं आणि पलीकडे लिहिलं होतं, 'खाजगी खळे'. मी तिथूनच फोन लावला.

"मैदान कुठपर्यंत मोजलं तुम्ही?"

"ताडपत्रीपर्यंत. पुढं तुमच्या बाबांचं खळं हाय ना? साऱ्यांनीच सांगतलं..."

"अहो, सोयाबीन उचललं की ते मैदानच असते!"



"मी आपल्याच जिल्ह्यातल्या ढाणकीचा," तो हळूच म्हणाला. "आमचं सोयाबीनही रस्त्यावरच वाळते. मले तरी समजायले पाहिजे होतं... ग्रामसभेत मी माही चूक सांगतो. पण तुमच्या बाबांनी हरकत घेतली, तर काम अडून पडते."

घरी मी बाबांजवळ विषय काढला.

"मग सोयाबीन वाळवू कुठं? तुह्या पोरींच्या डोक्यावर?" एवढंच बोलून ते पानाला चुना लावत बसले. माझ्या मुलींचं सगळं भवितव्य आता या एका माणसाच्या हरकतीवर होतं, आणि तो माणूस माझाच बाप होता.

ग्रामसभेला समाजमंदिर भरून गेलं. सगळ्यांसमोर कपिल उभा राहिला.

"नकाशा चुकला. माह्याकडून चुकला. मी अर्धंच मैदान मोजलं."

"साहेब, शाळेत टेप धरायले शिकवलं नाही काय?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा उसळला. त्याचे कान लालबुंद झाले, पण तो खाली बसला नाही. शांतपणे सगळी चूक समजावून सांगितली. खरं सांगते, मी प्रेमात पडले ती तिथंच. इतका अभिमान वाटला मला त्याचा, जणू माझंच कोणी उभं होतं.

मग मी उठले. 

"सोयाबीनच्या दिवसांत अर्धं मैदान सोयाबीनचं. तवा आम्ही उरलेल्या अर्ध्यात खेळू. बाकी सालभर मैदान खेळाचं. सकाळी पोरांनी खेळावं, अन् संध्याकाळी पाच ते सात पोरींची वेळ. त्या वेळात पोरांनी मैदानात उतरू नये."

"कोणाची हरकत?" सरपंच विमलताईंनी विचारलं. सगळ्या माना बाबांकडे वळल्या.

बाबा सावकाश उठले. "हरकत हाय."

त्यांनी कपिलकडे बोट दाखवलं.

"हा साहेब नवीन नकाशात खो-खो तर काढन. पण बसायले पायऱ्या कुठं हाय? माही पोरगी जिल्हा जिंकून आणते, अन् म्या काय तिचा खेळ उभ्यानं पाहू?"

टाळ्यांनी समाजमंदिर दणाणलं आणि विमलताईंनी ठराव मंजूर झाल्याचं सांगून टाकलं. माझ्या मुली उड्या मारत होत्या आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते. बाबा मात्र इकडेतिकडे बघत होते, मोठे साधेभोळे असल्यासारखे!

बाहेर निंबाच्या झाडाखाली कपिल थांबला होता.

"आता नकाशा दुरुस्त करतो. मग... मग माह्याकडं इथं यायले काही कारण उरत नाही."

"कारण कायले पाहिजे?"

तो घुटमळला. कान पुन्हा लाल.

"मग... आईबाबाले घेऊन येऊ काय? तुमच्या घरी..."

मी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मघाशी अख्ख्या गावासमोर बोलले होते, आता कशाला लाजू?

"या. मले आवडता तुम्ही. पण सातच्या नंतर या."

"सातच्या नंतरच काहून?"

"पाच ते सात मी मैदानावर असते. आताच ठराव झाला ना!"